पाखरं हाकलणारी टोळी

आमच्या विमानतळावर विमानांपेक्षा किस्से जास्त उतरतात. एक विमान गेलं की दुसरं येईपर्यंत भरपूर वेळ असतो. टोळी पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसते, कोणीतरी म्हणतं, "त्या दिवशी काय झालं म्हाईत हाय का?" आणि झालं सुरू!

टोळी म्हणजे धावपट्टीवरची पाखरं हाकलणारे आम्ही. टिटव्या, घारी, पारवे, कावळे. पाखरू इंजिनात गेलं तर विमानाचं काही खरं नसतं, म्हणून विमान यायच्या आधी पट्टी मोकळी करायची. आमचे मुकादम शब्बीरमामा. त्यांच्या कमरेला वॉकीटॉकी, आमच्या गळ्यात शिट्ट्या, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जॅकेट. टोळीत एकाचं नाव पोपट आहे. त्यावरचे सगळे विनोद करून झालेत, तुम्ही नवे करू नका.

आणि माझा थोरला भाऊ, भानुदास. मला टोळीत त्यानेच लावलं. तो या पौषात गेला. राहुरीहून मोटरसायकलवर येत होता, रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. एवढंच.

दुखवट्याला टोळी घरी यायची. बसली की दादाचेच किस्से निघायचे. आई आतून ऐकायची. सगळ्यांच्या मनात काळजी एकच होती. दहाव्याला दादाच्या पिंडाला कावळा शिवेल का? कारण कावळे हाकलण्यात दादाचा हात धरणारा टोळीत कोणी नव्हता.

* * *

दादाची मुलाखत झाली तेव्हा साहेबांनी विचारलं, "अनुभव काय?"

"बाजरी," दादा म्हणाला.

साहेबांना कळेना. दादाने खिशातून गोफण काढून टेबलावर ठेवली. आमचं लहानपण बाजरीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं राखण्यातच गेलेलं.

"अहो, धावपट्टीवर दगड मारणार?" साहेब घाबरले. "पाखराच्या आधी दगडच इंजिनात जाईल!"

"मग दगड न्हाई घालत."

दादाने रिकामी गोफण डोक्यावर गरगर फिरवली आणि अशी झटकली की सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. बाहेरच्या लिंबावरची साळुंक्यांची झुंड उडाली. साहेबांच्या हातातला चहाही उडाला!

"कधीपासून येता?" साहेबांनी शर्ट पुसत विचारलं.

* * *

मग एकदा मशीन आलं. भोंगा लावायचा, त्यातून बहिरी ससाण्याचा ओरडा येतो, पाखरं भिऊन पळतात, असं कंपनीच्या पोराने सांगितलं.

भोंगा लागला. टिटव्यांनी एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा किडे वेचायला लागल्या. घारी भोंग्यावरच येऊन बसल्या.

तिसऱ्या दिवशी गावातल्या बायका गेटवर! भिंतीपलीकडच्या सगळ्या कोंबड्या खुराड्याच्या बाहेर यायला तयार नाहीत, अंडी बंद. माझी आई सगळ्यात पुढे. "बंद करा ते रडगाणं," ती म्हणाली, "न्हाईतर कोंबड्या इथंच आणून सोडते!"

साहेबांनी डोळ्यांपुढे धावपट्टीवरच्या कोंबड्या आणल्या असाव्यात. भोंगा दुपारच्या आतच उतरला.

* * *

पट्टी लांबवायचं ठरलं तेव्हा झाडं तुटली. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी झाडं लावायचा नियम आहे. पर्यावरणवाल्या मॅडम आल्या, भिंतीच्या कडेने वड, उंबर, जांभळाची रोपं लावायला सांगितली. पाखरांना आवडणारी, देशी झाडं. खड्डे आम्ही खणले, पाणी आम्ही घातलं, फोटो निघाला.

झाडं कमरेएवढी झाली. मग सुरक्षेवाले साहेब तपासणीला आले. जांभळाला हात लावून म्हणाले, "ही कोणी लावली? पाखरं येतील ना इथं!"

झाडं काढायचं काम पुन्हा टोळीकडे. पुन्हा फोटो. दादाने दोन्ही फोटो मोबाईलवर शेजारी शेजारी लावून साहेबांना दाखवले. दोन्हीत तेच आम्ही, तीच कुदळ.

"साहेब," दादा म्हणाला, "तुमी आन मॅडम एकदा संगं चहाला बसा. आमची कंबर वाचंल."

साहेब हसले. चहाला कोणी बसलं नाही.

* * *

त्या झाडांच्याही आधी पट्टी लांबवायच्या कामाची जनसुनावणी झाली. मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. एक जण अहवाल वाचत होता. वाचता वाचता म्हणाला, "परिसरातील पक्ष्यांची संख्या नगण्य आहे."

पोपटने मला ढोसलं. "नगण्य म्हंजी?"

"न्हाईत म्हंजी."

"मंग आपली नोकरी?"

पोपट ताडकन उठला. त्याच्या मागे मी, दादा, सगळी टोळी. आम्ही भराभर पाखरं सांगायला लागलो. टिटव्या हायेत, घारी हायेत, रोहित पक्षी येतात, करकोचे येतात! पोपटने तर मोर, हंस, सगळंच घातलं. मागे बसलेली कॉलेजची पोरं-पोरी टाळ्या वाजवायला लागली. एक पोरगी "निसर्ग वाचवा!" म्हणून ओरडली.

अधिकाऱ्यांनी हात वर केला. "म्हणजे पक्ष्यांसाठी हे विस्तारीकरण होऊ नये, असं तुमचं म्हणणं आहे?"

सगळे आमच्याकडे बघायला लागले. शब्बीरमामांनी टोपी नीट केली.

"तसं न्हाई साहेब," ते म्हणाले. "पट्टी व्हावी. पाखरं बी ऱ्हावी. मधी आमी ऱ्हातो!"

* * *

विमानाच्या आवाजाने गावाला किती त्रास होतो, हे मोजायला एक माणूस यंत्र घेऊन आला. आमचं घर भिंतीला सगळ्यात जवळ, म्हणून यंत्र आमच्या ओट्यावर. तिपाईवर ठेवलं, बटण दाबलं, आणि तो विमानाची वाट बघत बसला.

विमान आलं, गेलं. त्याने आकडा बघितला. मग त्याने दुसरा आकडा बघितला आणि इकडेतिकडे पाहिलं. "मघाशी काय वाजलं इथं? विमानापेक्षा जास्त लागलंय."

वाजलं काही नव्हतं. दादा भिंतीपलीकडे ड्युटीवर होता आणि आईने त्याला हाक मारली होती. ती रोज मारायची. मोबाईल आला तरी तिची पद्धत तीच. ओट्याच्या टोकाला उभं राहायचं, तळहात तोंडाला लावायचा आणि, "भानूऽऽऽ, जेवायला ये!" दादा पट्टीच्या त्या टोकाला असला तरी मान वळवायचा.

"मावशी," तो माणूस म्हणाला, "जरा हळू बोलता का? मोजणी चाललीय."

"इमानाला सांगितलं का हळू बोल म्हनून?" आई म्हणाली.

त्याने ती मोजणी रद्द केली आणि जेवायला मात्र आमच्याकडेच बसला.

* * *

कावळा माणूस ओळखतो. आमचं जॅकेट तर लांबूनच ओळखतो. पण दादाला कावळे जॅकेट नसतानाही ओळखायचे. पोपटच्या लग्नात दादा नवा सदरा घालून आला, तर मांडवावर कावळ्यांनी कालवा केला. वऱ्हाडी म्हणाले, कोणाचा तरी नवस राहिलाय.

आमच्या गावच्या दगडूआबांची बांधावर मोठी चिंच होती. त्यावर कावळ्यांची वस्ती. विमान उतरायच्या वाटेत येते म्हणून चिंच तुटली. तोडायला आम्हीच. आबा बांधावर बसून बघत होते.

"भान्या," ते म्हणाले, "गावचं कावळं संपवलंस. आता लोकांच्या पिंडाला काय तुझी इमानं शिवत्याल?"

"आबा, तुमच्या येळंला मी सोता कावळा धरून आनतो," दादा म्हणाला.

"आन तुझ्या येळंला रं?"

"माझ्या येळंला कावळ्यांची सभा भरंल. मी खरंच मेलो का, ते बघायला तरी येतील!"

आबासुद्धा हसले. सगळेच हसलो.

* * *

दहाव्याचा विधी पुणतांब्याला गोदावरीवर करायचं चाललं होतं. पण टोळीला सुट्टी दोन विमानांच्या मधलीच. टोळीशिवाय दादाचं काही करायचं नाही, असं आई म्हणाली. म्हणून गावच्या बंधाऱ्यावर ठरलं, विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर.

पिंड ठेवले. वर दादाला आवडायचं ते ठेवलं, शेंगदाण्याची चटणी, भाकरी, आणि पोपटने आणलेली भेळ. सगळे मागे सरकलो.

कावळा नाही.

मी म्हणालो, आईला सांभाळीन. कावळा नाही. पोपट म्हणाला, नानाला टोळीत कोणी बोलू देणार नाही. नाना म्हणजे मी. तरी कावळा नाही. दगडूआबा काठी टेकत पुढे आले, हात जोडले. "भान्या, लेकरा, मी चेष्टेत बोललो व्हतो रं." पलीकडच्या बाभळीवर तीन-चार कावळे बसलेले दिसत होते. बघत होते. हलत नव्हते.

गुरुजींनी आमच्याकडे नीट पाहिलं. "अरे, तुम्ही ती जॅकेटं घालून का बसलात?"

ड्युटीवरून तसेच आलो होतो! कोणाच्या लक्षातच नाही. भराभर जॅकेटं काढली, घड्या घालून त्यावर बसलो.

थोड्या वेळाने एक कावळा उतरला. लांब बसला. उड्या मारत जवळ आला. मान तिरपी केली. पिंडावर चोच नेली.

आणि "हाऽऽऽर्र!"

पहिलं कोणाच्या तोंडातून निघालं ते नक्की सांगता येणार नाही. बहुतेक माझ्याच. पण पुढच्या क्षणाला आख्खी टोळी उभी, हात वर, पोपटची शिट्टी! कावळा गेला. बाभळीवरचेही गेले.

कोणी कोणाकडे बघेना. पोपटने शिट्टी तोंडातून काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. गुरुजी हळूच दर्भ शोधायला लागले. आता दर्भाचाच कावळा करून लावायचा, दुसरं काय.

"थांबा," आई म्हणाली.

ती बायकांमधून उठली. बंधाऱ्याच्या टोकाला गेली. तळहात तोंडाला लावला.

"भानूऽऽऽ, जेवायला ये!"

पाण्यावरून हाक भिंतीपर्यंत गेली. आम्ही सगळे खाली बघत होतो, मी माझ्या चपलेकडे. पंख वाजले तेव्हाच मान वर केली. तो भिंतीच्या बाजूने आला. लांब बसला नाही, उड्या मारल्या नाहीत. सरळ पिंडावर. आधी भेळ खाल्ली.

तेवढ्यात शब्बीरमामांच्या कमरेची वॉकीटॉकी खरखरली. "मामा, विमान लवकर येतंय. तुमच्या बाजूला पाखरं आहेत का?"

मामांनी वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली. कावळ्याकडे बघितलं.

"एक हाय साहेब," ते म्हणाले. "जेवतोय. विमानाला एक चक्कर मारायला सांगा."