दोन वितींचा कोपरा

लाँचवरची बर्फाची पेटी बदला, असं पत्रक मीच काढलं होतं. चेन्नईच्या काशिमेडू बंदरात धक्क्याधक्क्यावर मीच वाटलं. दहा-दहा दिवस समुद्रात राहायचं, मासा कुजक्या लाकडात नि विरघळत्या बर्फात ठेवायचा, आणि भाव पडला की खलाशांचा वाटा कापायचा. का म्हणून? शेवटी एक मालक नमला. जुनी पेटी फोडली, फोमच्या जाड भिंती घातल्या, इंजिनावर चालणारा फ्रीझर बसवला. मापं मी घेतली. नकाशाही माझाच.

निघायच्या सकाळी ड्रायव्हरनं, म्हणजे लाँच हाकणाऱ्या म्हाताऱ्यानं, झाकण उचलून आत डोकावलं.

"पाप्पा," लहान पोरीला हाक मारावी तसं तो मला म्हणाला, "आमचा कोपरा कुठाय?"

"कसला कोपरा?"

"कालवणाचा! आठ जणांच्या आठ पिशव्या. घरी न्यायचा मासा."

जुन्या पेटीत शिडीमागं एक फळी होती. अडगळ म्हणून मीच ती काढायला लावली होती. आमच्या घरी, पूर्वज तंजावरला आले तेव्हापासून आजवर, मासा शिजलेला नाही. मासा विकतात, एवढंच मला ठाऊक. पकडणारा तो घरीही नेत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

"सांबाराच्या घरची पोर," ड्रायव्हर बाकीच्यांना म्हणाला. सगळे हसले. मी संतापले, आधी स्वतःवर.

मालक फ्रीझरची किल्ली बोटात फिरवत होता. "मॅडम, आता सगळा मासा वजनावर. खायचा असेल तर बाजारातून घ्या म्हणावं." खिशातून त्यानं माझंच पत्रक काढलं. "यात कोपरा कुठं लिहिलाय?"

"नाही लिहिला. पत्रक चुकलंय. पण ज्यानं पकडला त्यानंच विकत घ्यायचा? लाज वाटू द्या! फळी बसल्याशिवाय लाँच सुटणार नाही."

आणि मी झाकणावर बसले. आठही जण धक्क्यावर उतरून बसले.

ऊन चढलं. मालकानं तीनदा घड्याळ पाहिलं.

"एक वीत देतो."

"दोन."

"बरं, दोन! वर बोटभरही नाही."

सुतार फळी घेऊन आला. मी पेटीत उतरून भिंतीवर हात पसरला. मागोमाग उतरलेल्या ड्रायव्हरनं माझं मनगट धरून बाजूला केलं.

"हा दहीभात कालवायचा हात. वीत माझी धरायची."

जाळी ओढून ओढून फताडा झालेला पंजा त्यानं पसरला. वरून मालक ओरडत होता.

मी सुताराला म्हटलं, "बघतोस काय? खूण कर."