देव्हाऱ्याची भिंत
तुमच्या घरात मुलीला अभ्यासाला बसायची जागा कुठे आहे, सांगाल? परवा बारामतीत एका फर्निचरच्या दुकानासमोर करवतीखालच्या प्लायवूडचा कडवट वास आला आणि इंदापूरची आमची एकच खोली आठवली. बहीण बारावीला होती. पाच माणसांत तिला वही उघडायलाही कोपरा नव्हता. म्हणून आम्ही दोघा भावंडांनी उंच पलंग करायचं ठरवलं. वर ती झोपणार, खाली तिचं टेबल. सेंट्रिंगचं जुनं, सिमेंटचे डाग पडलेलं प्लाय स्वस्तात आणलं आणि एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मापं लिहून कापायला घेतलं. पंखा चुकवून एकच भिंत उरत होती आणि तिथे देव्हारा होता. चुलते बघायला आले. "व्हय रं, देवाच्या डोक्यावर पोरगी झोपणार? आन् अडचणीच्या चार दिवसांत?" "तात्या, देव्हारा समोरच्या भिंतीला घेऊ की," बहीण म्हणाली. "आता तू देवाला जागा दावणार व्हय!" सगळे हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. गावोगाव समतेची पत्रकं वाटणारा मी जमिनीवरचा भुसा बघत राहिलो. त्या प्लायचं मोरीला दार झालं. बहीण नापास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. आज मी सभांमध्ये बोलतो, टाळ्याही मिळतात, पण तिचं ते वर्ष मला कुठूनही परत आणता येत नाही. तुम्ही एवढंच करा. एखादी मुलगी भरल्या घरात तुमच्याकडे तसं पाहील, तेव्हा मान खाली घालू नका, तिथल्या तिथे बोला.