शांतवनकाकांनी झेललेला घाव

गंगाखेडच्या बसस्टँडवर असताना आईचा फोन आला. "शांतवनकाका गेले गं," एवढंच ती बोलली आणि मग नुसतं रडणं ऐकू येत राहिलं... माझ्या वडिलांनी ज्यांच्या सख्ख्या भावाचा जीव घेतला, त्या माणसासाठी माझी आई रडत होती.

ते घडलं तेव्हा मी बारावीला होते. पिंगळीत आमच्या आणि काकांच्या शेताला एकच विहीर. काका गावातल्या लहानशा चर्चचे पाळक, शेती धाकटा भाऊ प्रकाश बघायचा. उसाला आधी पाणी कुणी द्यायचं यावरून त्या दुपारी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि प्रकाशची जुंपली. शिवीगाळ झाली, गचांडी धरली गेली आणि अण्णांच्या हातातला कोयता प्रकाशच्या मानेत बसला. अण्णा धावत घरी आले ते रक्तानं माखलेल्या बनियनवरच, आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. थोड्याच वेळात काकांची भावकी दारात आली. काठ्या, कुऱ्हाडी, पत्र्यावर धडाधड पडणारे दगड... सगळ्यांत पुढे काका. भावाला उचलल्यानं सदरा लालभडक, आणि हातात शेतात पडलेला अण्णांचाच कोयता. आईनं दोन्ही हात पसरून दार अडवलं. "भाऊ, माजा जीव घ्या, पर ह्यान्ला सोडा!" काकांनी कोयता उगारला... आणि तो वरच राहिला. मग त्यांनी तो फेकला, वळले आणि आईला पाठीशी घालून गर्दीसमोर उभे राहिले. "बास! कुनी पुढं यायचं न्हाई." पण त्यांच्या चुलतभावाची कुऱ्हाड सुटलीच होती. ती काकांच्या डाव्या खांद्यात रुतली. हाड मोडल्याचा तो आवाज मी ऐकलाय. काका उंबऱ्यावर कोसळले, आईची पावलं त्यांच्या रक्तानं भिजली, आणि गर्दी जागीच थिजली. पोलिसांनी अण्णांना जिवंत नेलं.

प्रकाशनं मरताना घेतलेलं अण्णांचं नाव काकांनी कोर्टात सांगितलं. अण्णांना जन्मठेप झाली. पण आमच्या उसाचं पाणी काकांनी कधी तुटू दिलं नाही. त्यांचा डावा हात मात्र पुन्हा वर गेला नाही.

पुढे एकदा मी विचारलं, "काका, तुमच्या देवाला रक्त का लागतं?"

"बायबलच्या जुन्या करारात लोक कोकरू कापायचे, पोरी. पाप आपलं, जीव त्याचा. पुन्यांदा पाप, पुन्यांदा कोकरू. रक्त काय थांबंना. मग देवानं आपलाच ल्योक दिला. तो शेवटचा बळी, त्याच्यानंतर कुनाचा न्हाई. हे मी दर रविवारी सांगायचो. पर त्या दिशी मी मारायलाच आलतो. तुजी आई म्हणली, माजा जीव घ्या... तवा मला कळलं, मी इतकी वर्सं काय सांगायलोय ते."

"म्हणजे तुम्हीच अण्णांना तारलंत."

"मी न्हाई. तारणारा एकच." मग म्हणाले, "तुज्या अण्णांचा राग अजूनबी येतो. परकाशची बायको समोर आली की लय येतो."

शिक्षा भोगून घरी आलेले अण्णा काकांची कबर खणायला न सांगता गेले. दुसऱ्या टोकाला तो चुलतभाऊ खणत होता. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. खड्डा मात्र दोघांनी मिळून पुरा केला.

चर्चची घंटा काका एका हातानं ओढायचे. त्यामुळे तिचे टोल लांब लांब, थांबत थांबत पडायचे. गेल्या रविवारी मी घरी होते. सकाळी घंटा वाजली, भराभर, कुणीतरी दोन्ही हातांनी ओढलेली. अण्णांनी चहा तसाच खाली ठेवला, अंगणात गेले आणि ती थांबेपर्यंत चर्चकडे तोंड करून उभे राहिले...