चिंचेनं घासलेला दगड

तांब्याची भांडी घासायला चिंच कोळली, की त्या आंबट वासासरशी मला सेनगावकडची आमची विहीर आठवते. मी शाळेत असताना ती खोदली, तेव्हा काळ्या दगडाच्या पोटातून पांढरे स्फटिक निघाले होते. दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम ते बघायला येणार म्हणून मी मला सापडलेला दगड देवाच्या भांड्यांसारखा चिंचेनं घासून लख्ख केला. चुलत बहीण वनमालानं तिचा तसाच चिखलासकट आणला.

मॅडमनी माझा दगड हातात घेतला आणि खाली ठेवला. "धुतलास कशाला गं? मला वरच्या मातीसकट हवा होता."

वनमालाचा दगड त्यांनी कागदात जपून गुंडाळला आणि वर तिचं नाव लिहिलं. माझ्या बोटांना अजून चिंचेचा वास येत होता.

परवा वारंगा फाट्यावर वनमाला भेटली. एसटीची वाट बघता बघता मी तो विषय काढलाच.

"कोणता दगड गं?" ती म्हणाली. "मला तं काहीच आठवून न्हाई राहिलं."

माझा दगड अजून खिडकीत आहे, तसाच लख्ख. तिला विसरता आलं, याचाही मला हेवा वाटला.