वन्संचा बाक

आमच्या वन्सं वकील. कसल्या, तर सगळ्याच! घटस्फोट, कुंपणाचा वाद, भाडेकरू, कुत्रा चावला, जे दारात येईल ते. एवढ्यानं भागेना म्हणून नगरपालिकेत निवडून आल्या. सकाळी कोर्ट, दुपारी पाणीपुरवठा समिती आणि संध्याकाळी आमच्या घरात अख्खं गाव. लग्न मी त्यांच्या भावाशी केलं, संसार मात्र त्यांच्या पक्षकारांशी झाला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस त्यांना, तवा माझा!

त्यांची एक पद्धत होती. व्हरांड्यात जड लाकडी बाक. भांडणारे दोघं आले की म्हणायच्या, "बसायचंय? मग बाक आत घ्या. दोघांनी." एकट्याला तो उचलवायचाच नाही. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ "जरा तिरका कर", "उंबरा सांभाळ" करत आत यायचे. निम्मं भांडण तिथंच संपायचं आणि वन्संची फीसुद्धा.

यंदा मात्र कहर केला. मागच्या गल्लीत नळ नाही, बाया लांबून बादल्या वाहतात. नवी पाइपलाइन न्यायची कुठून? तर आमची बाजूची खोली पाडून. माझी शिवणाची खोली! ठरावावर पहिली सही वन्संची. मला कळलं ते भिंतीवर खुणा करायला आलेल्या माणसाकडून.

तशीच व्हरांड्यालगतच्या त्यांच्या ऑफिसात घुसले. कालच्या भांडणातला बाक अजून आतच होता.

"शेजारच्या डॉक्टरांची बाग मोकळी पडलीय ना? तिथून न्या की!"

"तिकडं चढ आहे गं. पाणी पोचत नाही."

"आणि माझ्या शिवणाचं काय? तुमच्या भावाच्या पगारात हे घर चालतं असं वाटतं तुम्हाला? मी कोर्टात जाईन!"

"जा. हक्क आहे तुझा. फक्त वकील दुसरा बघ."

असा संताप आला म्हणून सांगू! वन्सं उठल्या. "बाक धर जरा."

"हात लावणार नाही मी! तुमची ती युक्ती माझ्यावर नको."

मग एकट्याच वाकल्या. गुडघे धड नाहीत, पण हट्ट बघा. एक टोक उचललं, दुसरं फरशीवर करकरलं. बघवेना. दात-ओठ खात मी दुसरं टोक धरलं.

"उचलला म्हणजे कबूल केलं असं नाही हं!"

"नाहीच मुळी."

त्या उलट्या पावली दाराकडे निघाल्या.

"अहो, बाहेर कुठं नेताय? बाक आत घ्यायचा असतो ना?"

"इथं तुझी मशीन लागेल. उजेड चांगला आहे. मी बसेन व्हरांड्यात."

एवढ्या वर्षांचं ऑफिस! मला उलट जास्तच राग आला. धड भांडूसुद्धा देत नाही ही बाई.

"जरा तिरका करा," मी म्हणाले, "आणि उंबरा सांभाळा."