मोकळ्या फुटपाथचा फोटो

“त्या बाजूनं धर. ओढ. आरशात अडकू देऊ नको.”

मी नोटीस बगलेत मारली आणि कव्हर ओढलं. अण्णांची पांढरी गाडी, चारीच्या चारी चाकं फुटपाथवर. मी ती हटवायची नोटीस घेऊन गेलो होतो. अंगात अतिक्रमण पथकाचं जाकीट. आणि भर दुपारी, गल्लीदेखत, मी त्याच गाडीला पांघरूण घालत होतो.

हुकूम देणारे अण्णा झोपाळ्यावर बसून दात कोरत होते. आतल्या पाहुण्यांना म्हणाले, “याचा बाप आमच्या वावरात मेंढ्या बसवायचा. हा गाड्या झाकून राह्यला. सुधारणा आहे.”

आतून हसू आलं. मीही हसलो.

अण्णा मंठ्याकडचे जमीनदार. आता नवीन जालन्यात बियाणांची एजन्सी, दोन मजली बंगला, आणि बंगल्यात गाडी ठेवायच्या जागेवर गोदाम. म्हणून गाडी लोकांच्या फुटपाथवर. माझा बाप मेंढपाळ. रानात मेंढ्या बसवल्या की रानाला खत मिळायचं, बदल्यात बापाला ज्वारी. ती ज्वारी तो ओसरीखाली उभा राहून धोतराच्या सोग्यात घ्यायचा. मी दहावी झालो, शहरात आलो, कंत्राटावर लागलो. ओसरी सुटली असं मला वाटलं होतं.

आमच्या पथकाचा जोर कोणावर चालायचा ते सांगतो. चौफुलीवरच्या भाजीवालीचा गाडा आम्ही दहा मिनिटांत उचलायचो, तराजूसकट. ती ट्रकमागं पळायची. चारचाकीला मात्र आम्ही आधी मालक विचारायचो.

अण्णांच्या गाडीची तक्रार पालिकेच्या ॲपवरून माझ्या मोबाईलवर यायची. नियम असा की जागा मोकळी झाल्याचा फोटो टाकल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. मग मी अण्णांना फोन करायचो. “अण्णा, पाच मिनिटं काढता का गाडी?” ड्रायव्हर गाडी वळणापर्यंत न्यायचा. मी फोटो काढायचो. रिकाम्या फरश्या, कडेला कण्हेर. फोटो गेला की गाडी परत जागेवर. तक्रार बंद. असे सतरा फोटो मी काढले. एकाही वेळी मला कोणी पैसे दिले नाहीत. तेवढ्याचीही गरज पडली नाही. मी फुकटात विकला गेलो.

तक्रार करायच्या सुमनताई. शेजारच्याच घरात राहणाऱ्या, निवृत्त नर्स. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, हातात चार पायांची काठी. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. गाडीपाशी आल्या की आधी काठी रस्त्यावर उतरवायच्या, मग एक पाय, मग थांबून दुसरा. मागून वाहनं हॉर्न मारायची. एकदा त्यांनी मला गाठलं.

“साहेब, फुटपाथ मोकळा झाला म्हणून मोबाईलवर आलंय. मंग हे काय उभं आहे?”

“बघतो ताई.”

मला साहेब म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, गाडीला वळसा घालताना त्यांना मोटारसायकलनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. मोटारसायकलवाला पळाला. त्यांची मुलगी पोलीस ठाण्यात गेली, गाडीनं वाट अडवली म्हणून आईला रस्त्यावर उतरावं लागलं, असं तिनं लिहून दिलं. मलाही बोलावणं आलं.

अण्णांच्या वकिलानं टेबलावर कागद पसरले. माझे सतरा फोटो, रंगीत छापलेले.

जमादार मुलीला म्हणाले, “रेकॉर्डला फुटपाथ मोकळा आहे, बाई. मंग तुमच्या आई रस्त्यावर कशाला उतरल्या?”

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. फोटो कोण काढतं ते तिला ठाऊक होतं. खरं न सांगताच मी उठलो. घरी गेलो, जेवलो सुद्धा.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बोलावलं. पहिल्यांदाच म्हणाले, “बस की. खुर्चीवर बस.” पुढं एक टाईप केलेला कागद. मी रोज पाहणी करतो, तिथं गाडी कधीच उभी नसते. खाली माझं नाव, सहीची जागा कोरी.

“तुझ्या कंत्राटाचं बोलून ठेवलंय. बिलकुल काळजी करू नको.”

मी त्या खुर्चीकडं पाहिलं. बापाला आयुष्यभर न मिळालेली खुर्ची मला एका म्हातारीच्या मोडक्या हाडावर मिळत होती. माणूस स्वतःला किती स्वस्त समजू शकतो, ते मला तेव्हा कळलं.

“न्हाई करत सही.”

“काय म्हणला?”

“गाडी रोज तिथंच असते. मी फोन करायचो, मंग तुम्ही काढायचे.”

“जाशील परत मेंढ्या हाकायला.”

“जाईन. मेंढ्या हाकल्या की बाजूला तरी होतात.”

अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा होता. एवढा मोठा माणूस, आणि त्याचा सगळा रुबाब माझ्या हसण्यावर उभा होता.

तिथून सरळ ठाण्यात गेलो. मोबाईल काढून दिला. प्रत्येक फोटोच्या आधी अण्णांना केलेला कॉल, वेळेसकट. सतराच्या सतरा.

जमादार म्हणाले, “तुम्ही पण अडकताल. नोकरी जाईल.”

“जाऊ द्या. लिहा.”

मग दवाखान्यात गेलो. सुमनताईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“आता सांगून राह्यले?” एवढंच म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडं केलं.

बरोबरच केलं. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर माझंच ओझं हलकं झालं असतं, त्यांचं हाड जुळलं नसतं.

कंत्राट त्याच महिन्यात गेलं. गाडी अजून फुटपाथवर आहे. अण्णा लोकांना सांगतात, तो खोटारडा माणूस आहे, त्याच्या शब्दाला काय किंमत.

केस उभी राहील तेव्हा कोर्टात त्यांचा वकील मला हेच विचारणार. तुम्ही खोटं बोलता का? मी हो म्हणणार आहे. सतरा वेळा बोललो, आणि दर वेळी कोणासाठी, ते नाव घेऊन सांगणार आहे.