तीन माइक, एक खरखर

दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस राम राम घालतो, जय भीम घालतो, निदान चपला तरी काढतो. हा टाळी वाजवायचा. उंबऱ्यात उभा राहून एकच टाळी, फाडकन. मग डोळे मिटून, मान तिरकी करून भिंती काय म्हणतात ते ऐकायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्या टाळीनं कोंबड्या उडाल्या, आणि बायको चुलीपुढून उठून आली. मला म्हणाली, "ह्यो कोन आनलाय? काय चोरीला गेलंय का आपलं?" तिला वाटलं, देवऋषी आहे.

देवऋषी बरा. तो निदान कोंबडं घेऊन गप्प बसतो.

राहुरीला स्टँडच्या मागं त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दर शुक्रवारी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तो भोंगा लावायला यायचा. कुणाची म्हैस चुकली, कुणाचा म्हातारा चुकला, सगळं त्याच्या भोंग्यावरून जाहीर व्हायचं. म्हैस लवकर सापडायची. मी त्याच बाजारात म्हशींचा दलाल. ओरडून ओरडून माझे कान निम्मे गेले, आणि दुसऱ्याचे किती गेले त्याचा हिशेब नाही. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण बाजारात सगळे त्याला भोंगेवालाच म्हणायचे आणि त्यालाही ते चालायचं, म्हणून इथंही तेच.

काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच. "कानाला इचारून सांगतो." रेडिओ कधी मिळेल? कानाला इचारून सांगतो. पाऊस येईल का? कानाला इचारून सांगतो. चहा घेणार का म्हटलं तरी तेच, आणि चहा निवेपर्यंत कानाचं उत्तर यायचं नाही. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सरळ उत्तर दिलं तर सरकार दंड करील, अशी ज्याला भीती असते.

मला माइक पाहिजे होता. मुलगी दिलेली गुजरातेत. तिला पहिलं बाळ झालं आणि तिनं पत्र पाठवलं, की आईची गाणी कॅसेटवर भरून पाठवा, इथं बाळाला आपल्याकडचं कुणी म्हणणारं नाही. बायकोचा गळा चांगला होता. माझ्याशी बोलताना तो कुठं जायचा कोण जाणे, पण गाताना चांगला होता. स्टुडिओत जाऊन परक्या पुरुषांपुढं गायला तिनं साफ नकार दिला. टेप घरात होता. राहिला माइक.

मी दुकानात जाऊन म्हटलं, "स्वस्त पाहिजे आणि चांगला पाहिजे."

"मंग दोन लागतील," तो म्हणाला.

फळीवर एक चकचकीत, वजनदार माइक होता. मी तो उचलला, हातात तोलला, पाठीवरून हात फिरवला. जनावर मी असंच घेतो. तो म्हणाला, "तात्या, ह्यो भाषनाचा. तोंडात घातला तरच ऐकतो." मग त्यानं एक काळा, हलका, काकडीएवढा काढला. तो कंडेन्सर. त्याच्या पोटात पेन्सिल सेल घालायचा आणि थोडा लांब ठेवायचा, तो खोलीतलं सगळं ऐकतो. मी म्हटलं, तसली एक आहे आमच्या घरात, सेलसुद्धा लागत नाही तिला.

मग घेऊ कोणता? तर कानाला इचारून सांगतो, पण आधी घर बघू द्या. मी माइक न्यायला गेलो होतो, पोरगी द्यायला नव्हे. पण त्याचं म्हणणं असं, की पत्र्याच्या घराचा माइक वेगळा, माळवदाचा वेगळा. मीही मग माझ्या धंद्याची अट घातली. आमच्यात दुभती म्हैस घेणारा तीन वेळची धार काढून बघतो. विकणारा एखाद वेळची धार चुकवून कास फुगवून आणतो, म्हणून एका धारेवर भरवसा ठेवायचा नाही. मी म्हटलं, तुझ्या माइकाचीही तीन वेळा धार काढणार, मग पैसे. तो हसला. दात कमी होते त्याला, पण हसणं बरं होतं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी बाजार उलगल्यावर तो आला. टाळी वाजवली, कोंबड्या उडाल्या, ते सांगितलंच. मग आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्या त्यानं भिंतींना टांगल्या. म्हैस गोठ्यातून पार ओढ्याकडं नेऊन बांधायला लावली, ती रवंथ करते म्हणून. शेवटी कानावर हेडफोन चढवून माझ्याकडं बघितलं. "तात्या, तुमचं नाक वाजतंय." माझ्या घरातून मला बाहेर काढलं. बायको एवढी खूश झालेली मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

तिनं एक गाणं म्हटलं. त्यानं उलटं फिरवून लावलं. आपला आवाज बाहेरून ऐकून ती म्हणाली, "ही कोन बया?" आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी मात्र दलालाच्या कानानं ऐकत होतो. कान निम्मेच, पण खोट लगेच कळते. आवाज वर चढला की खाली काहीतरी घासत होतं. दाण्यात खडा असल्यासारखं.

म्हटलं, "खरखर हाय."

"हाय खरी," तो म्हणाला. तो काळा माइक पिशवीत टाकला आणि निघून गेला.

दुसऱ्या शुक्रवारी पदराला चिमटा लावून अडकवायचा माइक आणला, बटणाएवढा. पुन्हा गोधड्या, पुन्हा म्हैस ओढ्याला, पुन्हा मी अंगणात. खरखर तशीच. त्यानं सेल बदलला, वायर बदलली, टेपचं डोकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. खरखर हलली नाही. मग तो बाहेर येऊन माझ्याजवळ हौदाच्या कट्ट्यावर बसला. मला वाटलं, आता भाव पाडतो.

"तात्या, खरखर माइकात न्हाई. काकूंना घशाच्या डागतरला दावा."

आता हे मला चांगलं ठाऊक होतं. आटलेली म्हैस गळ्यात मारली, की विकणारा म्हणतो, म्हैस चांगली हाय, तुमच्या धार काढणाऱ्याचा हात वाईट. चाळीस वर्षं मीच लोकांना हे सांगत आलो. मी म्हटलं, "तू रेडिओ दुरुस्त कर. मानसं दुरुस्त करायला तुला कुनी सांगितलं?"

त्यानं वायर गुंडाळली. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, अंगठ्यापासून कोपरापर्यंत, अगदी सावकाश. लुनावर बसला आणि गेला.

पाच शुक्रवार मी त्याच्याशी बोललो नाही. बाजारात तो भोंग्याखाली बसलेला दिसायचा आणि मी म्हशीआडून जायचो. लोकांना सांगितलं, राहुरीचा माल घेऊ नका, सदोष असतो आणि वर घेणाऱ्याच्या बायकोला आजारी ठरवतात. लोक हसले. मी हुशार माणूस. तोवर बायको सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करत होती. त्या गुळण्यांचा आवाज मला ऐकू यायचा. पण त्याला माइक लावलेला नव्हता ना, मग मी कशाला लक्ष देऊ?

सहाव्या शुक्रवारी तो न बोलावता आला. तिसरा माइक त्यानं स्वतः बनवला होता. कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी, तिच्या झाकणात हरभऱ्याएवढा कंडेन्सर डकवलेला. मी म्हटलं, आता डबीत भरून विकायला लागलास का? त्यानं लक्ष दिलं नाही. डबी टेबलावर ठेवली, पुढं वीतभर अंतरावर खडूनं रेघ ओढली आणि मला रेघेवर तोंड आणायला लावलं.

"बोला तात्या."

"काय बोलू?"

"बाजारात बोलता त्येच. फकस्त शिव्या वगळून."

शिव्या वगळल्यावर फार काही उरलं नाही, पण बोललो. मग तो स्वतः बोलला. मग बायकोला बसवलं. तीच डबी, तीच रेघ, तोच सेल. फिरवून लावलं. माझा आवाज फुटक्या ढोलासारखा, पण स्वच्छ. त्याचा स्वच्छ. मग तिचा आला.

खडा फक्त तिच्याच आवाजात होता.

तिनंच टेप बंद केला. मला म्हणाली, "पुरं. उद्या नगरला जाऊ." मग त्याच्याकडं वळून, "भाऊ, तुमी बसा. पोरीची गानी आदी उरकून घेते." आणि तिनं अकरा गाणी म्हटली, खडा असलेल्या आवाजात, मधे पाणी पीत. तो हेडफोन लावून, मान खाली घालून ऐकत राहिला. म्हैस ओढ्याला नेली नव्हती. तीही कॅसेटमध्ये गुजरातेत गेली.

नगरच्या डॉक्टरनं विचारलं, कधीपासून आवाज असा आहे? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आठ दिस झालं." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लवकर आलात. नंतर आत बघितल्यावर ते तसं म्हणाले नाहीत.

घशात गाठ निघाली. तिथून पुण्याला, तिथं किरणांचा शेक. गाठ आक्रसली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. नुसती हवा उरली. ती ओठ हलवायची आणि माझ्या निम्म्या कानांना काही लागायचं नाही. ती खिडकी म्हणायची, मी तांब्या आणायचो. ती गोधडी म्हणायची, मी मुलीचं पत्र काढून द्यायचो. ती कपाळावर हात मारून घ्यायची. लिहावं तर तिला सहीपुरतंच यायचं, आणि माझं वाचणं त्याहून एक बोट वर. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि आम्हाला भांडायची सोय राहिली नव्हती.

हे त्याला कुणी सांगितलं ठाऊक नाही. मी नाही सांगितलं. एका शुक्रवारी टेप, डबी आणि हेडफोन घेऊन तो आला. डबी तिच्या उशीवर ठेवली, हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. टेपची भरायची आणि थांबायची अशी दोन्ही बटणं एकदम दाबली. मला म्हणाला, असं केलं की आवाज कानात येतो, कॅसेटवर जात नाही. मग तो बाहेर गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

कानात आधी तिचा श्वास आला, पोटात उतरेल एवढा मोठा. मग ती म्हणाली, "नीट बसा. पोक काढू नका."

मी नीट बसलो.

"म्हशीला पानी दावलं का?"

"दावलं."

"चार म्हैनं झालं, च्यात साखर जास्ती पडतीय." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या भावाला म्हनलात का, चुकलं म्हनून?"

"म्हनतो."

"कवा?"

"म्हनतो की."

"आत्ता जावा."

मी हेडफोन काढून बाहेर गेलो. तो हौदाच्या कट्ट्यावर घराकडं पाठ करून बसला होता आणि म्हशीचं कपाळ खाजवत होता. मी जवळ उभा राहिलो. भरल्या बाजारात हजार माणसांच्या वर आवाज चढवणारा मी. म्हटलं, "चहा घेनार का?"

"घेतो," तो लगेच म्हणाला.

चहा दिला. आत गेल्यावर तिनं डबीत विचारलं, "म्हनलात?" मी म्हटलं, "म्हनलं." अडतीस वर्षांत तिला माझं खोटं कळलं नाही असं कधी झालं नव्हतं.

यंत्र त्यानं आमच्याकडंच ठेवलं. सात महिने ती उशीवरून घर चालवत होती आणि मी कानाला डबडी लावून हुकूम घेत होतो. शेजारी हसायचे, म्हातारा रेडिओ ऐकतोय. मग ती गेली. तिला स्मशानात पोहोचवायला तोही आला होता, मागं बाभळीजवळ उभा होता. चार माणसांत कुठं बोलायचं, म्हणून मी शुक्रवारवर ढकललं. मग बाजारात जायचंच सोडून दिलं.

उन्हाळ्यात गेलो तेव्हा भोंग्याखाली दुसराच कुणी होता. त्यानं सांगितलं, ते आता येत नाहीत. तडक राहुरीची एसटी धरली. स्टँडच्या मागं दुकान होतं, पण आत शिलाईची दोन मशीनं. फळीवर माइक नाहीत, कापडाचे ठाण. शिंप्यानं मशीन न थांबवताच सांगितलं, की ते संक्रांतीच्या आधीच गेले, झोपेतच.

मी तिथंच उभा राहिलो. मग म्हटलं, मोठ्यानं, "चुकलं माझं."

शिंप्यानं मशीन थांबवलं. "काय चुकलं, आजोबा?"

"काही नाही. सदऱ्याचं माप घे."

तो उठला, गळ्यातली पट्टी काढली आणि जवळ आला.

"हात वर करा," म्हणाला.

केले.